लाखेचा बोळा आणि बफिंगचं मशीन

चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यात गाडीला रबिंग-पॉलिश करून देणाऱ्यांना या धंद्याची सुरुवात विचारली, तर बहुतेक जण मारुती ८०० पासून सांगू लागतात. मी या धंद्यातच वाढलो आणि माझं मत वेगळं आहे. आमच्या भागात चकाकीचा धंदा गाडी येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पळसाच्या आणि कुसुमाच्या फांदीवर तो सुरू झाला.

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांत पळसाला तोटा नाही. त्याच्या कोवळ्या फांदीवर लाखेचा किडा बसतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. पळसावरची लाख ती रंगीनी, कुसुमावरची ती कुसमी. रंगीनीची वर्षाला दोन पिकं, वैशाखी आणि कातकी. कुसमी रंगाने फिकी, म्हणून तिला भाव जास्त. फांदीवरून खरवडलेली लाख धुऊन, वितळवून, पातळ ओढून गार केली की चपडा तयार होतो. हा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की झालं फ्रेंच पॉलिश. युरोपातले पियानो याच पॉलिशने चमकले आणि ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांतही हीच लाख होती. नाव फ्रेंच असलं तरी माल भारताच्या जंगलातला.

लाकूडही घरचंच. आलापल्लीच्या सागाची कीर्ती इंग्रजांच्या काळापासूनची. अयोध्येच्या राममंदिरासाठी सागाची पहिली खेप २९ मार्च २०२३ रोजी इथूनच निघाली, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला बल्लारपूरचा डेपो ठाऊक झाला. त्या आधी कित्येक वर्षं याच सागाच्या दारांना, पलंगांना आणि कचेऱ्यांतल्या टेबलांना पॉलिश करून आमच्याकडची घरं चालत होती. त्यातलं एक आमचं. माझे बाबा पॉलिशवाले.

बाबांचं हत्यार एकच, कापसाचा बोळा. कापूस मुठीत दाबून त्यावर जुन्या, मऊ धोतराचा तुकडा ताणायचा आणि मागे पीळ द्यायचा. पॉलिश कापडावर ओतायचं नाही, आतल्या कापसाला पाजायचं, म्हणजे दाबाबरोबर ते हवं तेवढंच झिरपतं. वर जवसाच्या तेलाचं एक बोट. मग बोळा लाकडावर वरून टेकवायचा नाही, कडेने सरकवत आत आणायचा आणि आल्या आल्या फिरवत राहायचं. आधी लहान गोल, मग मोठे गोल, मग मराठी चारच्या आकड्यासारखे वेढे. एका वाटेवरून लागोपाठ दोनदा जायचं नाही. स्पिरिट खालचा थर पुन्हा मऊ करतं, त्यामुळे बोळा क्षणभर थांबला तरी तिथे चिकटतो आणि कापडाची वीण उमटते. बाबा म्हणायचे, "पोट्या, हात थांबवू नोको. हात थांबला का डाग पडते."

तिकडे मोटारींच्या जगात रंगाचीच मोठी अडचण होती. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीचं वॉर्निश ब्रशने लावत आणि ते वाळून गाडी बाहेर पडायला आठवडेच्या आठवडे लागत. १९२३ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने ड्यूको आणला आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या त्या रंगात आल्या. हा नायट्रोसेल्युलोजचा रंग, म्हणजे कापसापासून केलेला. पहिल्या महायुद्धात याच रसायनाची बंदुकीची दारू बनत होती. युद्ध संपलं आणि कारखान्यांना नवं काम मिळालं. ड्यूको स्प्रे गनने उडवता येई, लगेच वाळे, पण वाळून निस्तेज दिसे. चकाकी घासूनच काढावी लागे. मोटारीला पॉलिश करणं हा स्वतंत्र धंदा झाला तो या रंगामुळे.

आपल्याकडे अँबॅसेडर, फिएट, जीप आणि मेटॅडोरच्या काळात गॅरेजमधला रंग म्हणजे ड्यूकोच. ओला वॉटर पेपर, त्यावर लाल रबिंग कंपाउंड, मग पांढरं पॉलिश आणि शेवटी सुती कापड. हे सगळं हाताने. ज्यांचा हात लाकडावर बसलेला होता त्यांना गॅरेजवाले बोलावून नेत. बाबाही गेले. खाणीतल्या साहेबांच्या आणि कागद कारखान्यातल्या गाड्यांचं काम भरपूर असायचं.

१९८३ नंतर दोन गोष्टी जवळजवळ बरोबरच बदलल्या. त्या वर्षी मारुती आली. त्याच वर्षी चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरला औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. मारुतीच्या मागोमाग येत गेलेल्या गाड्यांचा रंग कारखान्यात भाजलेला असे आणि पुढे त्यावर पारदर्शक क्लिअर कोटही येऊ लागला. तो ड्यूकोपेक्षा कठीण. हाताने घासून ओरखडा हटेना, म्हणून गॅरेजमध्ये बफिंग मशीन शिरलं. दुसरीकडे राखेचा त्रास सुरू झाला. कोळशाच्या राखेत काचेसारखे कठीण कण असतात. गाडीवर बसलेली राख कोरड्या फडक्याने पुसली की दर वेळी हजारो बारीक ओरखडे पडतात. गडचांदूरकडच्या सिमेंटची धूळ दव पडल्यावर रंगाला चावते. आता आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यावर सूरजागडच्या लोहखनिजाची लाल धूळ आहे. ताडोब्याच्या जिप्सींना बांबू आणि काटेरी झुडपं ओरबाडतात ते वेगळंच. या दोन जिल्ह्यांतल्या पॉलिशवाल्यासमोर पुण्या-मुंबईपेक्षा अवघड माल येतो, हे मी अभिमानाने सांगतो.

पण बफिंग मशीन म्हणजे एकच मशीन नव्हे, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. तो विचारतो, पॉलिश कोणत्या कंपनीचं? म्हणून भंगारातून काळ्या रंगाचं एक बोनेट आणलं, मास्किंग टेपने त्याचे भाग पाडले आणि सगळीकडे एकच मध्यम कटिंगचं पॉलिश वापरलं. बदललं फक्त मशीन आणि त्याचा पॅड. प्रत्येक भाग शेवटी स्पिरिटने पुसला, कारण पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून खोटी चमक दाखवतं. मग टॉर्चच्या आणि दुपारच्या उन्हाच्या उजेडात पाहिलं.

हाताने केलेल्या भागाला तुकतुकी आली, पण ओरखडे होते तिथेच राहिले. रोटरी मशीनवर लोकरीचा पॅड लावला तेव्हा ओरखडे भराभर गेले. मात्र रोटरी एकाच आसाभोवती फिरतं, सगळी उष्णता एका कड्यात साठते. पत्रा हाताला चटका देण्याइतका तापला आणि उन्हात त्यावर इंद्रधनुषी पट्टे हलताना दिसले. बोनेटच्या कडेला तर रोटरी फार जपून न्यावं लागतं. क्लिअर कोटची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहून कमी. कडेला तर तो आणखी पातळ असतो. दुसरं मशीन १५ मिलिमीटरच्या फेऱ्याचं ड्युअल अ‍ॅक्शन. त्याचा पॅड स्वतःभोवतीही फिरतो आणि मध्यापासून सरकून मोठा वेढाही घेतो. फोमच्या पॅडने वेळ दुप्पट लागला, पण पट्टा एकही नाही आणि काळा रंग खोल, स्वच्छ उघडला. उणीव एवढीच की बोनेटच्या वळणावर दाब एका बाजूला पडला की त्याचं फिरणं बंद होतं आणि ते नुसतं थरथरतं. तिसरं, गिअरने सक्तीने फिरणारं ड्युअल अ‍ॅक्शन, वळणावरही थांबलं नाही. कापणं आणि सफाई दोन्हींत ते मधलं ठरलं. मे महिन्यात पारा ४७ च्या पुढे गेला की तिन्ही मशीनवर पॉलिश पॅडवरच सुकतं. तेव्हा पहाटे काम करावं, नाहीतर करू नये.

दुसऱ्या मशीनचा पॅड मी न चालवता बोटाने हळूहळू फिरवून पाहिला. पॅडवर लावलेली खूण लहान गोल काढत मोठ्या गोलात सरकत होती आणि गेल्या वाटेवर लगेच परत येत नव्हती. बाबांचा बोळा असाच जायचा. रोटरीने मधल्या काळात हाताची ती चाल मोडून वेग दिला, वेगाबरोबर उष्णता आणि पट्टे दिले. नव्या यंत्रांनी वेग ठेवून ती जुनी चाल परत आणली. लाकडावर पॉलिश केलेल्या जुन्या कारागिरांना हे मशीन हातात दिलं की शिकवावं लागत नाही, आणि रोटरीवर तयार झालेल्या पोरांना ते आवरायला वेळ लागतो, याचं कारण मला तरी हेच दिसतं.

हे कारागीर आता थोडे उरलेत. सनमायका आणि फवाऱ्याचं मेलामाइन आल्यावर चपड्याचं काम बसलं. बल्लारपूर, ब्रह्मपुरी, आलापल्लीकडे ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी त्याच्याकडून बोळा बांधणं, चपडा भिजवणं आणि हाताचे वेढे एकदा मोबाइलवर टिपून ठेवावेत. गॅरेजवाल्यांनी पोरांना मशीन देण्याआधी महिनाभर अशा माणसाच्या हाताखाली बसवावं.

आणि गाडीवाल्यांना एवढंच सांगतो. पॉलिशची बाटली निवडण्यात वेळ घालवू नका. कोणतं मशीन लावणार आणि आधी रंगाची जाडी मोजणार का, हे विचारा. काळ्या किंवा गडद गाडीला ड्युअल अ‍ॅक्शनच लावायला सांगा. नुसतं रोटरी मारून देणाऱ्याकडून गाडी परत आणा. आणि सकाळी गाडीवर राख दिसली तर फडक्याला हात लावू नका, आधी भरपूर पाणी ओता.