थांबण्याची किंमत : एचआयव्हीवरील उपचार कधी सुरू करावेत?

1 एप्रिल 2004 रोजी भारत सरकारने निवडक शासकीय रुग्णालयांतून एचआयव्हीवरील औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. मात्र ती प्रत्येक बाधिताला मिळत नव्हती. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमधील सीडी4 पेशींची संख्या 200 च्या खाली येईपर्यंत किंवा गंभीर लक्षणे दिसेपर्यंत थांबावे लागे. निरोगी व्यक्तीत ही संख्या साधारणतः 500 ते 1500 असते. म्हणजे फौज बहुतांशी गारद झाल्यावर रसद पोहोचत असे.

या विलंबाला कारणे होती. 1987 मध्ये आलेल्या एझीटी या पहिल्या औषधाला विषाणू लवकरच दाद देईनासा होई. 1996 च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार रूढ झाला आणि मृत्यू झपाट्याने घटले; परंतु दुष्परिणाम तीव्र होते आणि खर्च अफाट. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने दिवसाला एका डॉलरहून कमी दरात ही औषधे देऊ केली, तेव्हा खर्चाचा अडसर सैल झाला.

‘लवकर द्यावे की नंतर’ याचा निवाडा मात्र चाचण्यांनीच केला. नऊ देशांतील 1763 जोडप्यांवरील एका चाचणीत पुणे आणि चेन्नई ही केंद्रे होती. लवकर उपचार दिल्यास जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, असे 2011 मध्ये दिसले. पुढे 35 देशांतील 4685 जणांच्या ‘स्टार्ट’ चाचणीने 2015 मध्ये दाखवले, की सीडी4 संख्या 500 च्या वर असतानाच उपचार सुरू केल्यास गंभीर आजार वा मृत्यूचा धोका 57 टक्क्यांनी कमी होतो. 2017 मध्ये भारतानेही सीडी4 ची अट काढून टाकली.

असे का घडते? संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातील सीडी4 पेशींचा मोठा संहार होतो आणि विषाणू काही पेशींत सुप्तावस्थेत दडून बसतो. बाधित पेशींना मारणाऱ्या सीडी8 पेशीही अखंड झुंजीने थकतात. फ्रान्समधील ‘व्हिस्कॉन्टी’ अभ्यासातील 14 जणांनी संसर्गानंतर लवकर उपचार घेतले होते. पुढे औषधे थांबवूनही त्यांच्यातील विषाणू वर्षानुवर्षे आटोक्यात राहिला.

या कोड्यावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. नरेंद्र दीक्षित आणि सहकाऱ्यांनी गणिती प्रतिमानांद्वारे काम केले. माकडांना संसर्गानंतर लगेच प्रभावी प्रतिपिंडे दिल्यावर काहींनी विषाणूवर दीर्घकाळ ताबा कसा मिळवला, याचे स्पष्टीकरण त्यांनी 2020 मध्ये मांडले. त्यांच्या प्रतिमानानुसार ही झुंज दोनपैकी एका स्थितीत स्थिरावते : विषाणू प्रबळ आणि सीडी8 पेशी थकलेल्या, किंवा विषाणू क्षीण आणि सीडी8 पेशी सज्ज. आरंभीच विषाणूचा जोर मोडला, तर पेशींचा थकवा टळतो आणि पारडे दुसऱ्या स्थितीकडे झुकू शकते.

तरीही ही मुक्तीची हमी नव्हे. अमेरिकेतील मिसिसिपीत एका बाळाला जन्मानंतर सुमारे 30 तासांत औषधे मिळाली. पुढे उपचार थांबल्यावर विषाणू दोन वर्षांहून अधिक काळ दिसला नाही, पण 2014 मध्ये तो परतला. बहुसंख्य बाधितांत औषध थांबताच काही आठवड्यांत विषाणू उसळतो. म्हणूनच औषधे मनाने बंद करणे घातक ठरते. वेळेवर तपासणी, तत्काळ उपचार आणि त्यात खंड न पडणे, हाच या चार दशकांच्या इतिहासाने दिलेला व्यवहार्य धडा आहे.