१ डॉलरला विकला गेलेला चित्रमहाल

१/ १९७५ साली अमेरिकेतील ओकलंड शहराने तीन हजार आसनांचे एक देखणे रंगमंदिर विकत घेतले. किंमत : १ डॉलर. एवढे वैभव इतके स्वस्त का झाले? 🧵

२/ १६ डिसेंबर १९३१ रोजी कॅलिफोर्नियातील या शहरात ‘पॅरामाउंट’ चित्रपटगृह उघडले. वास्तुविशारद टिमथी फ्लूगर, शैली आर्ट डेको, आसने ३,४७६. दर्शनी भिंतीवर रंगीत फरशांच्या तुकड्यांतून साकारलेले दोन प्रचंड कळसूत्रीकार. त्यांच्या हातांखाली करमणुकीची अवघी दुनिया.

३/ काळ मात्र महामंदीचा होता. अवघ्या सहा महिन्यांत, जून १९३२ मध्ये, खर्च न पेलल्याने दारे बंद झाली. ती पुन्हा उघडण्यास १९३३ उजाडले.

४/ पुढे दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचली, प्रेक्षक उपनगरांत पांगला. एवढे मोठे सभागृह भरणे अशक्य झाले. सप्टेंबर १९७० मध्ये पॅरामाउंट पुन्हा बंद पडले. अमेरिकेत अशा कित्येक चित्रमहालांवर याच सुमारास हातोडा पडला.

५/ पॅरामाउंटला तारले ते शहरातील वाद्यवृंदाच्या निकडीने. ‘ओकलंड सिम्फनी’ला हक्काचे घर हवे होते. तिने १९७२ मध्ये १० लाख डॉलरना ही वास्तू घेतली. त्यातील निम्मी रक्कम विकणाऱ्यांनीच देणगीरूपाने सोडली.

६/ आता प्रश्न उरला : आतील सजावट काढून आधुनिक सभागृह करावे, की १९३१चे रूप परत आणावे? सिम्फनीने दुसरा मार्ग निवडला. मूळ रूपाबरहुकूम गालिचे आणि सजावट पुन्हा सिद्ध झाली. आसने मात्र ऐसपैस केल्याने त्यांची संख्या घटली. सप्टेंबर १९७३ मध्ये पडदा पुन्हा उघडला.

७/ दोनच वर्षांत सिम्फनी आर्थिक अडचणीत सापडली आणि तिने वास्तू शहराच्या स्वाधीन केली. तोच हा १ डॉलरचा व्यवहार! मोबदल्यात तिला ४० वर्षे विनामूल्य कार्यक्रमांची हमी मिळाली. तो नाममात्र डॉलर देऊन शहराने खरे तर देखभालीचा कायमचा भार उचलला होता.

८/ १९७७ मध्ये पॅरामाउंटला ‘राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू’चा दर्जा लाभला. १९८६ मध्ये सिम्फनी दिवाळखोरीत निघाली. ४० वर्षांची हमी भोगायला ती उरली नाही. वास्तू मात्र तोवर शहराची झाली होती, म्हणून तिच्यासोबत बुडाली नाही.

९/ त्यानंतरही तेथे संगीताच्या मैफली झाल्या, बॅले रंगले आणि जुने चित्रपटही झळकले. जीर्णोद्धाराने पॅरामाउंटला रूप परत दिले; पण वाचवणारी संस्था बुडाल्यावरही दारे उघडी राहिली, ती शहराने मालकी पत्करली म्हणून.