परक्याचें खातें

परक्या देशांत पाऊल ठेवलेल्या माणसाला राहावयास खोली मिळाली, म्हणजे त्याची पुढची धांव बँकेकडे असते. पगार जमा व्हावयाचा असतो, घरीं पैसे पाठवावयाचे असतात, आणि उशाखालीं पैसे ठेवून झोंप लागत नाहीं. बँकेच्या खिडकीपलीकडचा मनुष्य सभ्यपणें हंसतो आणि दोन प्रश्न विचारतो. तुम्हांला येथें कोण ओळखतें? आणि तुम्ही राहतां कोठें? हे प्रश्न दिसावयास साधे आहेत. परंतु त्यांच्या पोटांत बराच मोठा इतिहास आहे, आणि त्यांतील पुष्कळसा भाग आपल्या मुंबईंत व तिच्या उपनगरांत घडलेला आहे. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचें योजिलें आहे.

पहिला प्रश्न फार जुना. आपल्याकडील सराफांच्या पेढ्यांवर ज्या हुंड्या चालत, त्यांत शहाजोग नांवाचा एक प्रकार होता. शाह म्हणजे बाजारांत पत असलेला प्रतिष्ठित व्यापारी. ही हुंडी कोणीही घेऊन आला, तरी पैसे त्याच्या हातावर पडत नसत. ते एखाद्या शहाच्याच मार्फत मिळत. हेतु असा, कीं पुढेंमागें हुंडी चोरीची अथवा खोटी ठरली, तर रक्कम परत मागावयास एक ओळखीचें दार असावें. युक्ति नामी होती, यांत संशय नाहीं. पण दूर देशाहून आलेल्या अनोळखी माणसाच्या बाजूनें तिच्याकडे पाहा. हातांतला कागद खरा, त्यावरची रक्कम खरी, आणि तरीही कोणी शहा त्याला आपला म्हणेपर्यंत तो रिकाम्या हाताचाच! १८४० सालीं मुंबईस बँक ऑफ बाँबे निघाली, तिच्यामागून विलायती बँकांनीं कोटांत आपल्या कचेऱ्या थाटल्या. हिशेबाची भाषा इंग्रजी झाली. रीत मात्र शहाजोगच राहिली. अगदीं विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत खातें उघडण्याच्या फॉर्मवर परिचय देणाऱ्यासाठीं एक रकाना असे, आणि त्यांत जुन्या खातेदाराची सही मिळविण्यासाठीं नव्या माणसाला कोणाचे ना कोणाचे उंबरठे झिजवावे लागत.

आतां परका म्हणावयाचें तरी कोणाला? मुंबईच्या बाबतींत हें ठरविणें कधींच सोपें नव्हतें. १६६१ च्या विवाहाच्या तहानें मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालें. पण शेजारची साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली, ती थेट १७३९ सालीं मराठ्यांनीं घेईपर्यंत. म्हणजे पाऊणशें वर्षांच्या सुमारास माहीमची खाडी ही दोन राज्यांची सरहद्द होती, आणि ज्या अंधेरी-बोरिवलीहून, ज्या मुलुंडहून लोक आज रोज सकाळीं लोकलला लोंबकळत कोटांत येतात, तीं गांवें त्या काळच्या मुंबईकराच्या लेखीं चक्क परदेशांत होतीं! हीं गांवें मुंबईच्या महापालिकेंत आलीं, तीं तर १९५० आणि १९५७ सालीं.

गिरण्या सुरू झाल्यावर रत्नागिरीकडून आणि घाटावरून जो मजूर मुंबईस लोटला, तो राज्यानें परका नव्हता. बँकेच्या दृष्टीनें मात्र तो असून नसल्यासारखाच होता. त्याला कोण ओळखणार? गांवचा मुकादम आणि खाणावळवाली बाई! त्याची सोय पोस्टानें केली. १८८० पासून पोस्टाची मनीऑर्डर आणि १८८२ पासून पोस्टाची बचत बँक देशभर सुरू झाली. कोंकणांतल्या कितीएक घरांच्या चुली मनीऑर्डरीवर पेटल्या, हें आपणां सर्वांस ठाऊकच आहे.

पांढरपेशा परक्यांनीं निराळी वाट काढली. कारवार-मंगळुराकडून चित्रापूर सारस्वत मंडळी नोकरीनिमित्त मुंबईस आली. त्यांतील दक्षिण कानडा जिल्हा तर त्या वेळीं मद्रास इलाख्यांत होता. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं झाला, आणि लागलीच १९०६ च्या डिसेंबरांत श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनीं आपले गुरु शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नांवानें पतपेढी काढली. तीच पुढें शामराव विठ्ठल सहकारी बँक म्हणून नांवारूपास आली. १९१८ सालीं सारस्वत बँकेचा पाया घातला गेला. या संस्थांविषयीं बोलतांना त्या जातीपुरत्या होत्या, असा आक्षेप घेण्याची चाल आहे. आक्षेप अगदींच खोटा नव्हे. पण जेथें ओळख हेंच तारण, तेथें ज्यांची एकमेकांशीं ओळख होती त्यांनींच प्रथम एकत्र यावें, हें ओघानेंच आलें. दुसऱ्याच्या खिडकीशीं ओळख पटविण्यापेक्षां आपली खिडकी उघडावी, असा तो सरळ विचार होता. आणि कालांतरानें त्या खिडक्या सर्वांसाठीं खुल्या झाल्या.

याहून विलक्षण गोष्ट गोंयकारांची आहे. धोबीतलाव आणि माझगांव या भागांत गोव्याच्या गांवोगांवच्या कुडी होत्या. कूड म्हणजे एका गांवच्या लोकांनीं वर्गणी काढून चालविलेलें राहण्याचें ठिकाण. आगबोटीवरचे खलाशी, आचारी, बॅंडवाले, नोकरीच्या शोधांत आलेलीं पोरें, असे सारे तेथें उतरत. भिंतीशीं देव्हारा, संध्याकाळीं प्रार्थना, आणि ओळीनें मांडलेल्या पेट्या. बोटीवर गेलेला खलाशी आपली पेटी कुडींत ठेवून वर्ष-वर्षभर समुद्रावर असे. हा मनुष्य आपल्यासारखीच भाकरी-भात खाणारा, त्याची बोली मराठी माणसाला सहज कळणारी. पण कायद्यानें तो पोर्तुगालचा प्रजाजन, म्हणजे पक्का परदेशी! त्याच्या गांवीं बांको नासियोनाल उल्त्रामारीनोच्या नोटा चालत, मुंबईंत आपला रुपया. बँकेला जी ओळख हवी, ती त्याची कुडीच्या चार भिंतींत पुरेपूर होती. त्या भिंतींबाहेर ती कोणाला दाखवावयाची? म्हणून मला ती पेटी हें त्याचें खरें खातें वाटतें. हमी देणारा साऱ्या गांवाचा गांव होता, आणि व्याजाचें नांव नव्हतें.

स्वातंत्र्यानंतर हें परकेपण सौम्य होण्याऐवजीं अधिकच टोंचूं लागलें. १९५५ सालीं भारत सरकारनें गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हां मुंबईहून घरीं पैसे पाठविण्यावरही बंधनें आलीं. मुलगा डोंगरीला, आई बार्देशांत, आणि मध्यें सरहद्द. राजकारणाच्या दृष्टीनें नाकेबंदीचें समर्थन करतां येईल, आणि तें त्या काळीं पुष्कळांनीं केलेंही. पण तिची झळ सालाझारच्या आधीं त्या म्हातारीला लागली, हेंही इतिहासानें नमूद करून ठेवावें. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या आदेशानें तेथील रहिवाशांना भारताचें नागरिकत्व मिळालें. कालचा परदेशी सरकारी हुकुमानें स्वदेशी झाला. त्याची कूड तीच राहिली, आणि कुडींतली पेटीही जागची हलली नाहीं.

येथपर्यंत पहिल्या प्रश्नाची हकीकत झाली. दुसरा प्रश्न, तुम्ही राहतां कोठें, हा युद्धानें आणला. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं महायुद्ध पेटलें आणि त्याबरोबर हिंदुस्थानांत परकीय हुंडणावळीवर नियंत्रण आलें. युद्ध संपलें, नियंत्रण उरलें. १९४७ च्या मार्चांत त्याचा कायदाच झाला. १९७३ च्या कायद्यानें तो अधिकच कडक केला. या कायद्यांच्या भाषेंत एक नवाच मनुष्य जन्मास आला, तो म्हणजे अनिवासी. गंमत अशी, कीं येथें राष्ट्रापेक्षां पत्ता मोठा ठरला. अंधेरीच्या सीप्झमध्यें नोकरीस येऊन राहिलेला जर्मन अभियंता हा बँकेच्या लेखीं रहिवासी. आणि त्याच अंधेरींत जन्मून शाळा शिकलेला, पण नोकरीसाठीं शिकागोस गेलेला जोशांचा मुलगा अनिवासी! विमान सुटल्यावर त्याचें येथील खातें आहे तसें चालवितां येत नाहीं. बँकेला कळवून त्याचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. पुष्कळांना हें ठाऊकच नसतें, आणि ज्यांना ठाऊक असतें तेही, पाहूं पुढच्या सुटींत, म्हणून टाळतात.

सरकारला अर्थात् या अनिवासी माणसाचा पैसाही हवा होता. १९७० सालीं त्याच्यासाठीं असें रुपयाचें खातें निघालें, कीं ज्यांतील मुद्दल आणि व्याज दोन्ही परत परदेशीं नेतां यावें. १९७५ सालीं परकीय चलनांतील ठेवींची योजना आली. मध्यंतरीं १९७३ सालीं तेलाचे भाव भडकले होते आणि आखाती देशांचीं दारें उघडलीं होतीं. सुतार, गवंडी, परिचारिका, कारकून, असे लाखों लोक तिकडे गेले. तेथें गेल्यावर त्यांना पुन्हां जुना शहाच भेटला! त्याला तेथें कफील म्हणतात, म्हणजे जामीन. कफील असेल तर राहण्याचा परवाना, परवाना असेल तर बँकेंत खातें. आणि हा जामीन पुष्कळदां मजुराचा पासपोर्टही आपल्याच कपाटांत ठेवी. आमचा जुना शहा निदान पारपत्र तरी अडकवून ठेवीत नसे. विलायतेंत जामीन लागत नाहीं, पण तेथील चक्र निराळें. बँक म्हणते घराचा भाडेकरार आणा. घरमालक म्हणतो बँकेचें पत्रक आणा.

परक्याच्या खात्याला परक्या राज्याचाच आधार असतो, आणि तें राज्यच बुडालें तर काय होतें, हें २ ऑगस्ट १९९० रोजीं दिसलें. इराकनें कुवेत गिळलें. कुवेती दिनार हें जगांतील अत्यंत महाग नाण्यांपैकीं एक. तो इराकी दिनाराच्या बरोबरीस आणून बसविण्यांत आला आणि थोड्याच दिवसांत चलनांतून काढून टाकण्यांत आला. दहा-दहा वर्षांची पुंजी ज्यांनीं तेथें ठेवली होती, त्यांच्या हातीं कागद राहिले. अम्मानहून मुंबईपर्यंत विमानांच्या सुमारें पांचशें फेऱ्या होऊन लाखाहून अधिक भारतीय परत आणले गेले, आणि त्यांतले बहुतेक सहारच्या विमानतळावर, म्हणजे आपल्या अंधेरींतच, उतरले. अंगावरचे कपडे आणि एखादी पिशवी एवढेंच पुष्कळांजवळ होतें. पुढें संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगानें कुवेत-इराक सोडून जावें लागलेल्यांना ठराविक रक्कम देऊं केली; ती साधारणतः माणशीं २,५०० डॉलर आणि कुटुंबास ५,००० डॉलर होती.

या युद्धाचा दुसरा फटका उलट दिशेनें बसला. तेल महागलें, देशाची गंगाजळी आटूं लागली, तेव्हां अनिवासी ठेवीदार आपल्या ठेवी काढून घेऊं लागले. त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. घाबरलेला ठेवीदार सर्वत्र सारखाच वागतो. १९९१ च्या मे महिन्यांत २० टन सोनें परदेशीं गेलें, आणि जुलैंत रिझर्व्ह बँकेनें आणखी सुमारें ४७ टन सोनें तारण ठेवण्यासाठीं विमानानें रवाना केलें. त्यावर ४० कोटि डॉलरहून थोडें अधिक कर्ज मिळालें. कोटांतल्या तिजोरींतून निघालेल्या त्या गाड्या उपनगराच्या रस्त्यानें सहारकडे गेल्या. दहा-अकरा महिन्यांपूर्वीं ज्या विमानतळावर कुवेतचे निर्वासित उतरले, तेथूनच देशाचें सोनें बाहेर गेलें. ज्या शहाला आपण मागें पाहिलें, त्याच्यापुढें या वेळीं खुद्द देश उभा होता.

त्यानंतरचें थोडक्यांत सांगतां येईल. १ जून २००० पासून नवा कायदा आला आणि हुंडणावळीचा नियम मोडणें हा फौजदारी गुन्हा न राहतां दंडाची बाब झाली. परिचय देणाऱ्याच्या सहीचा रकानाही आतां गेला. त्याची जागा पासपोर्ट, छायाचित्र, पत्त्याचा दाखला आणि बोटांचे ठसे यांनीं घेतली आहे. भारत पाहावयास आलेल्या परदेशी प्रवाशालादेखील सहा महिन्यांपर्यंत येथें खातें ठेवतां येतें. ओळखीवांचून अडून राहणाऱ्यांची संख्या यामुळें घटली, हें मान्य केलें पाहिजे. दाखल्यावर नांवाचें एक अक्षर चुकलें तर मात्र पूर्वीं एखादा भला खातेदार जी अडचण एका सहीनें दूर करी, ती आतां कोणालाच दूर करतां येत नाहीं.

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली या भागांत अशीं घरें पुष्कळ आढळतील, कीं ज्यांत म्हातारे आईबाप येथें आणि मुलें समुद्रापलीकडे. २०११ सालापासून अनिवासी मुलाच्या खात्यांत येथें राहणाऱ्या जवळच्या नातलगाचें नांव घालावयास परवानगी मिळाली. आईचें नांव खात्यावर येतें, पुस्तकावर छापलें जातें. मात्र मुलगा हयात आहे तोंवर तिला धनीण म्हणून त्यांतून पैसे काढतां येत नाहींत. तिनें चेकवर सही करावयाची ती त्याची मुखत्यार म्हणून.