रिकाम्या बशीवरच्या मधमाश्या

ऑगस्ट फोरेल हे स्वित्झर्लंडमधले मनोविकारतज्ज्ञ आणि मुंग्यांचे मोठे अभ्यासक. उन्हाळ्यात त्यांच्याकडे सकाळची न्याहारी घराबाहेर, मोकळ्यावर होई. टेबलावर मुरंबा असे आणि त्यावर मधमाश्या येत. हवा बिघडली तेव्हा न्याहारी घरात होऊ लागली. बाहेर ना मुरंबा, ना त्याचा वास. तरी माश्या ठरल्या वेळी रिकाम्या टेबलाशी हजर! माश्यांना वेळेची आठवण असावी, असे फोरेल यांनी १९१० मध्ये लिहिले.

अशा गोष्टी आपल्याकडेही घरोघरी असतात. घासासाठी नेमका येणारा कावळा, मालकाच्या येण्याच्या वेळी दाराशी बसणारा कुत्रा. पण गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. तो उभा केला इंगेबोर्ग बेलिंग या तरुण संशोधिकेने. म्युनिकमध्ये कार्ल फॉन फ्रिश यांच्या हाताखाली केलेले तिचे काम १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिने प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन तिला ओळख दिली. काही दिवस ठरावीक वेळेलाच बशीत साखरपाणी ठेवले. मग परीक्षेच्या दिवशी बशी दिवसभर रिकामी ठेवून, कोणती माशी केव्हा येते हे टिपले. रिकामी का? बशीत साखरपाणी असते तर एका माशीला ते सापडताच तिने पोळ्यात जाऊन इतरांना बोलावले असते, आणि कोण घड्याळाने आली नि कोण निरोपाने, हे कळायला मार्ग उरला नसता. माश्या आल्या त्या शिकवलेल्या वेळेच्या आसपास.

मग तिने एकेक आधार काढून घेतला. बंद खोलीत एकसारखा दिवा, एकसारखी ऊब, एकसारखा दमटपणा ठेवला. माश्या तरीही वेळ चुकल्या नाहीत. माझ्या मते तिचा सर्वांत चतुर प्रयोग यापुढचा. तिने दर एकोणीस तासांनी अन्न द्यायला सुरुवात केली, आणि ती वेळ माश्यांना काही केल्या शिकता येईना. केवळ भुकेचा हिशेब असता तर एकोणीस काय नि चोवीस काय! या घड्याळाला दिवसाखेरीज दुसरे माप ठाऊक नव्हते.

पण याच निष्कर्षात शंकेलाही जागा होती. माप दिवसाचेच असेल, तर पृथ्वीच्या फिरण्यातून येणारी एखादी अदृश्य खूण माश्यांना कळत नसेल कशावरून? १९३२ मध्ये ऑस्कर वाल यांनी मिठाच्या खोल खाणीत प्रयोग केले. तिथेही माश्या वेळेवर आल्या, पण पृथ्वी खाणीसकटच फिरते.

१९५४ मध्ये अमेरिकेत फ्रँक ब्राऊन यांनी अटलांटिक किनाऱ्यावरच्या न्यू हेवनची कालवे समुद्रापासून शेकडो मैल दूर, इव्हान्स्टनला आणून अंधारात ठेवली. आधी ती गावच्या भरतीप्रमाणे शिंपले उघडत. दोनेक आठवड्यांत त्यांची वेळ सरकली आणि इव्हान्स्टनला समुद्र असता तर जेव्हा भरती आली असती, तेव्हा ती उघडू लागली. म्हणजे घड्याळ आत नाही, बाहेरून चालवले जाते, असे ब्राऊन यांचे म्हणणे.

लगेच पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, फ्रिश यांचे शिष्य मॅक्स रेनर यांनी पॅरिसच्या एका बंद खोलीत माश्यांना रात्री सव्वाआठ ते सव्वादहा ही वेळ शिकवली आणि त्यांना विमानाने न्यूयॉर्कला तशाच खोलीत नेले. पृथ्वीची खूण पाहणाऱ्या माश्यांनी तिथल्या रात्रीची वाट पाहिली असती. त्या बाहेर पडल्या दुपारी तीनच्या सुमारास, आदल्या जेवणाला चोवीस तास होताच. पॅरिसमध्ये तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते.

पुढे रेनर यांनी हाच प्रवास उघड्या आकाशाखाली करून पाहिला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरून माश्या कॅलिफोर्नियाला नेल्या. सूर्य दिसू लागताच उत्तर इतके स्वच्छ राहिले नाही. माश्या जुन्या वेळेपासून हळूहळू नव्या सूर्याकडे सरकत गेल्या. घड्याळ त्यांचे स्वतःचे होते, पण ते लावून घेत होत्या सूर्याकडून. ब्राऊन यांना मात्र हे शेवटपर्यंत पटले नाही.

२०१७ चे नोबेल या घड्याळाची जनुके फळमाशीत शोधणाऱ्या तिघांना मिळाले. तेव्हाच्या कौतुकाच्या लेखांत मी बेलिंगचे नाव शोधत होतो. मी वाचलेल्यांपैकी एकातही ते नव्हते.