लोखंडाला मज्जाव

केज तालुक्यातल्या नांदूरघाटहून एमआरआयसाठी बीड, अंबाजोगाई किंवा लातूर गाठणाऱ्या पेशंटला मशीनच्या खोलीत शिरण्याआधी बरंच काही उतरवून ठेवावं लागतं. मंगळसूत्र, पैंजण, साडीला टोचलेली पिन, केसांतले आकडे. पुरुषांचा पट्टा, करदोडा, मोटारसायकलची किल्ली, चुन्याची डबी. सोन्या-चांदीला चुंबक ओढत नाही हे खरं, पण कुठल्या दागिन्याच्या फाशात किती लोखंड आहे ते डोळ्यांना कळत नाही, आणि कोणताही धातू त्या मशीनच्या रेडिओलहरींनी तापू शकतो, चित्र बिघडवू शकतो. म्हणून सरसकट सगळंच बाहेर.

नेहमीच्या एमआरआय मशीनमधलं चुंबक १.५ टेस्लाचं असतं. महाराष्ट्रात पृथ्वीचं स्वतःचं चुंबकक्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे त्या बोगद्यातलं चुंबकत्व जमिनीवरच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. शिवाय हे चुंबक मशीन वापरात नसतानाही जागंच असतं. दिवे मालवले, कर्मचारी घरी गेले तरी त्याची ओढ कायम राहते. जानेवारी २०१८मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक त्या सिलिंडरसकट मशीनकडे खेचला गेला आणि प्राणाला मुकला. दारावरची पाटी वाचता येणं पुरेसं नाही. आत गेल्यावर काय होतं हे प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगणारा माणूस त्या दारात हवाच.

वैद्यकात चुंबक आलं ते मात्र नेमकं उलट कामासाठी, लोखंड ओढून काढायला. सुश्रुतसंहितेत शरीरात रुतलेलं शल्य काढण्याचे जे उपाय दिले आहेत त्यांत अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक, आहे. त्याला अटीही घातल्या आहेत: शल्य सैल असावं, त्याला अडकणारे काटे नसावेत, जखमेचं तोंड रुंद असावं. जिथे चुंबक चालणार नाही तिथे ते लावू नये, हे इतक्या जुन्या काळी नोंदवून ठेवणाऱ्या शस्त्रवैद्याबद्दल आदर वाटतो. पुढे ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात कांतलोहाचे भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमकांत असे पाच प्रकार आले. एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे नेत्रवैद्य युलियुस हिर्शबेर्ग यांनी घण मारताना डोळ्यात उडालेली लोखंडाची कपची विजेच्या चुंबकाने काढायला सुरुवात केली.

गुरांच्या दवाखान्यातही हाच उपाय आहे. कडब्याबरोबर तार, खिळा, पत्र्याचा तुकडा गिळलेल्या गाईच्या पोटातल्या जाळीसारख्या कप्प्यात ते टोक अडकतं, आणि पुढेच हृदय असल्यामुळे कधी कधी थेट तिथवर घुसतं. बोटाएवढं गुळगुळीत चुंबक तोंडावाटे गिळवलं की ते त्याच कप्प्यात बसून राहतं आणि लोखंड स्वतःला चिकटवून घेतं. ज्या बीड जिल्ह्यातली घरं बैलजोडीसकट ऊसतोडीला जातात, तिथे एका जनावराचा जीव म्हणजे घराचा हंगाम.

महाराष्ट्रात लोखंडाला मज्जाव करण्याची शिस्त दवाखान्यांच्या कितीतरी आधी आली, ती वेधशाळेत. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६मध्ये मुंबईच्या कुलाब्यात वेधशाळा बांधली आणि १८४१पासून एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी सुरू झाली. त्यांच्या हाताखाली विशीही न गाठलेला एक मराठी मुलगा नोकरीला होता: केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यात गणित शिकवणारे, टिळकांचे गुरू केरूनाना ते हेच. रात्री-अपरात्री दिव्याच्या उजेडात टांगलेल्या चुंबकाचं विचलन वाचायचं आणि वहीत उतरवायचं, हे काम त्यांनी सुमारे दहा वर्षं केलं. मराठी माणसाचा विज्ञानाशी संबंध सांगताना केरूनानांची पुस्तकं आठवतात, पंचांग आठवतं. ही वही फारशी कोणाला आठवत नाही. आठवायला हवी, कारण आपल्याकडच्या आधुनिक चुंबकमापनाची सुरुवात अशाच वह्यांत झाली. १ आणि २ सप्टेंबर १८५९ला सूर्याकडून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची याच वेधशाळेत झालेली नोंद शास्त्रज्ञांनी २००३मध्ये पुन्हा तपासली. क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट झाली होती, आणि त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज बांधायला जगाला कुलाब्याचीच वही उपयोगी पडली.

मग ट्राम आली. मुंबईत घोड्यांच्या जागी विजेच्या ट्राम धावणार असं ठरलं, तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: रुळांतून वाहणाऱ्या प्रवाहाने सुई हलली, तर पृथ्वीचं काय आणि ट्रामचं काय, हे ओळखायचं कसं? त्यांनी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं. १९०४मध्ये तिथे नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. बांधकामाला पोरबंदरचा दगड आणला, लोखंडाचा खिळासुद्धा वापरला नाही, तांब्या-पितळेवर काम भागवलं. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन मूस यांनी जुनं आणि नवं मोजमाप एकमेकांशी जुळवलं. १९०७मध्ये शहरात विजेची ट्राम सुरू झाली तेव्हा मोजणी आधीच सुरक्षित जागी पोचली होती.

क्षीण चुंबकत्व मोजायचं तर आधी भोवतालचा गोंगाट दूर ठेवायचा, हे अलिबागचं तत्त्व पुढे शरीराच्या मोजणीतही पाळावं लागलं. ती मोजणी शक्य करणारं विज्ञानही काही काळाने त्याच कुलाब्याच्या टोकाजवळ येऊन वसलं.

१९४६मध्ये अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे एक गोष्ट दाखवली. पाण्यातल्या हायड्रोजनचं केंद्रक इवल्याशा चुंबकासारखं वागतं. त्याला मोठ्या चुंबकात ठेवून ठरावीक रेडिओलहर दिली की ते डळमळतं आणि सावरताना स्वतःची लहर परत देतं. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमध्ये पुढे एस. एस. धर्मट्टी हे भारतीय शास्त्रज्ञ काम करत होते. जेम्स अर्नोल्ड आणि मार्टिन पॅकार्ड यांच्यासह त्यांनी १९५१मध्ये साध्या अल्कोहोलवर केलेला प्रयोग आजही पाठ्यपुस्तकांत आहे. अल्कोहोलमधल्या हायड्रोजनची एकच खूण न मिळता तीन वेगळ्या खुणा मिळाल्या, तीनास दोनास एक या प्रमाणात. हायड्रोजन रेणूत कुठे बसला आहे, त्याचे शेजारी कोण आहेत, हे चुंबक सांगू शकतं, असा त्याचा अर्थ. पदार्थाला हात न लावता त्याच्या आतलं वाचण्याची वाट तिथे खुली झाली.

धर्मट्टी परत आले. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी १९५०च्या दशकात या विषयाचा गट उभा केला. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. १९६२मध्ये ती कुलाब्याच्या आताच्या जागी गेली. तिथे १९८०च्या दशकात ५०० मेगाहर्ट्झचं उच्चक्षेत्र यंत्र बसलं आणि प्रथिनं, डीएनए यांचे आकार उलगडायला देशभरातले संशोधक तिकडे येऊ लागले. बंगळुरूत जी. सूर्यन यांनी १९५१मध्येच वाहत्या द्रवातून येणाऱ्या या लहरींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. द्रव वाहू लागला की लहर बदलते, म्हणजे चुंबकाने प्रवाह मोजता येतो. आज मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय काढतात त्याच्या मुळाशी असलेल्या कल्पनांपैकी ही एक.

एमआरआयचा बाकीचा इतिहास बाहेर घडला. पॉल लॉटरबर यांनी १९७३मध्ये पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं पहिलं चित्र काढलं, रेमंड डमॅडियन यांनी १९७७मध्ये जिवंत माणसाच्या धडाचं चित्र घेतलं, पीटर मॅन्सफील्ड यांनी वेग आणला. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३चं नोबेल मिळालं. आपल्याकडे विज्ञान १९५०च्या दशकात होतं, दवाखान्यातली यंत्रं मात्र पुढची अनेक दशकं परदेशातून विकत येत राहिली. प्रयोगशाळेतला माणूस, दवाखान्यातला डॉक्टर आणि कारखान्यातला फिटर यांना एका टेबलाशी आपण बसवलं नाही, आणि त्याची किंमत तपासणीच्या बिलात गावोगावच्या पेशंटांनी मोजली.

एक लोखंड मात्र खोलीबाहेर ठेवता येत नाही: रक्तातलं. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांना १९३६मध्ये आढळलं की ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढलं जातं आणि ऑक्सिजन घेतलेलं किंचित दूर सारलं जातं. १९९०मध्ये सेजी ओगावा यांनी हाच फरक एमआरआयमध्ये दिसतो हे दाखवलं, आणि त्यावरून पुढे मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते पाहता येऊ लागलं. हा फरक इतका बारीक आहे की तो टिपायला सुद्धा टेस्लांच्या मापाचं चुंबक लागतं. ‘चुंबकाने रक्ताभिसरण सुधारतं’ असं सांगून हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या गाद्या आणि कडी घेण्यापूर्वी गावाकडच्या माणसाने एवढं ध्यानात ठेवावं. एमआरआयच्या प्रचंड चुंबकातसुद्धा रक्त वाहायचं तसंच वाहतं.

लोखंड मुद्दाम शरीरात सोडण्याचाही एक प्रयत्न चालू आहे. शिकागोच्या आर. के. गिलख्रिस्ट यांनी १९५७मध्ये कर्करोग पोचलेल्या लसीका ग्रंथींत चुंबकीय कण नेऊन ते बाहेरच्या बदलत्या चुंबकक्षेत्राने तापवण्याची कल्पना मांडली. आता ते कण नॅनो आकाराचे आहेत. गाठ ४२ ते ४६ अंशांपर्यंत तापवायची, कर्करोगाच्या पेशी दुबळ्या करायच्या, शेजारची निरोगी पेशी वाचवायची. जर्मनीच्या मॅगफोर्स कंपनीच्या अशा उपचाराला मेंदूच्या गाठींसाठी युरोपात २०१०मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात यावर काम झालं. कोल्हापुरात डी. वाय. पाटील विद्यापीठात शिवाजीराव पवार यांच्या गटाने लँथॅनम-स्ट्राँशियम मँगनाइटचे कण तपासले. या पदार्थाची खुबी अशी की ठरावीक तापमानाला त्याचं चुंबकत्वच जातं, त्यामुळे तो स्वतःहून तापायचा थांबतो. रुग्णापर्यंत पोचायला अजून पुष्कळ वाट आहे. एक अडचण तर मोठीच: ज्याच्या डोक्यात हे लोहकण भरले, त्याच्या त्या भागाचा नंतर धड एमआरआय निघत नाही.

आणि मेंदू. चेतापेशींतून वीज वाहते तिथे चुंबकक्षेत्र उठतं, पण ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे चाळीस कोटींव्या भागाएवढं. डेव्हिड कोहेन यांनी १९६८मध्ये ते तांब्याच्या दहा लाख वेढ्यांच्या गुंडाळीने पकडलं, आणि १९७२मध्ये एमआयटीतल्या कवचबंद खोलीत, द्रव हेलियमने उणे २६९ अंशांवर थंड केलेल्या स्क्विड या संवेदकाने स्पष्ट मोजलं. इथे नुसतं लोखंड बाहेर ठेवून भागत नाही. चुंबकत्व अडवणाऱ्या मिश्रधातूच्या भिंतींनी सबंध खोली मढवावी लागते, नाहीतर रस्त्यावरून जाणारा ट्रकसुद्धा मेंदूपेक्षा मोठा आवाज करतो. भारतात कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने अशी यंत्रणा स्वतः बांधली, आणि बंगळुरूच्या निम्हान्स रुग्णालयात अशी यंत्रणा रुग्णांसाठी आहे.

तिचा खरा उपयोग फिट येणाऱ्यांना. औषधांनी न थांबणारी फिट मेंदूच्या नेमक्या कोणत्या जागेतून उठते हे कळलं, तर शस्त्रक्रियेने ती जागा काढता येते. मराठवाड्याच्या गावांत आजही फिट आली की कांदा फोडून नाकाशी धरतात, चप्पल हुंगवतात; त्या घरांतल्या मुलाची बंगळुरूपर्यंत जाण्याची ऐपत क्वचित असते. नॉटिंगहॅममध्ये २०१८मध्ये हेलियमशिवाय चालणारे, शिरस्त्राणासारखे डोक्यावर घालता येणारे संवेदक दाखवले गेले. बसलेला माणूस मान हलवतो, चहा पितो आणि मोजणी चालू राहते. लहान मुलांसाठी हे फार मोलाचं आहे.

हेलियम हा शब्द इथून पुढे वरचेवर कानावर येणार. तो भारताला आयात करावा लागतो, आणि वीज दीर्घकाळ गेली की एमआरआय मशीनचं चुंबक थंड ठेवणारा हेलियम उडून जायला लागतो. बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स या कंपनीने द्रव हेलियमवर न विसंबणारं १.५ टेस्लाचं देशी मशीन २०२३मध्ये सादर केलं, आणि त्यांतलं एक चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसलं. पवईत आयआयटीच्या आवारातल्या समीर या सरकारी संस्थेनेही देशी एमआरआय तयार केला आहे. त्याचं अतिवाहक चुंबक दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्राचं आहे, आणि रुग्णांवरच्या चाचण्यांसाठी समीरने मार्च २०२५मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार केला. या चाचण्यांनंतर जी यंत्रं बाहेर पडतील, त्यांतलं पहिलं शहराच्या पंचतारांकित रुग्णालयात न जाता अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी यावं, अशी मागणी बीड जिल्ह्याने आत्ताच लावून धरायला हवी.