तयार प्रतिकृती इंजिने : रूप, चाल आणि मोल यांचा ताळमेळ

खोक्यातून काढावे, रुळावर ठेवावे आणि विजेचे बटण फिरवताच चालू लागावे, अशा रेल्वे इंजिनांच्या तयार प्रतिकृतींना या छंदात 'रेडी-टू-रन' म्हणतात. युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये या प्रतिकृतींची मोठी बाजारपेठ आहे. आपल्याकडे हा छंद अजून मोजक्यांचा असला, तरी परदेशी गेलेल्या मुलांकडून, प्रदर्शनांतून किंवा टपालाने अशी इंजिने मराठी घरांत येऊ लागली आहेत. पहिल्याच खरेदीत काही हजार रुपये खर्ची पडतात आणि निवड चुकली, तर इंजिन शोकेसमध्ये व रूळ माळ्यावर जातात. म्हणूनच खरेदीपूर्वी काय पाहावे, याचा हा आढावा.

कुडाळलगतचे पिंगुळी हे गाव कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या ठाकर समाजाने जपलेल्या कलांसाठी ओळखले जाते. तेथील परशुराम गंगावणे यांना या कार्याबद्दल २०२१ मध्ये 'पद्मश्री' जाहीर झाली. बाहुली कितीही सुबक रंगवलेली असो, दोरी ओढताच ती जिवंत झाली नाही, तर खेळ रंगत नाही. इंजिनाच्या प्रतिकृतीलाही हाच न्याय लागतो. रूप, चाल आणि मोल या तीन कसोट्यांपैकी चालीला पहिला मान द्यावा. रंगातली उणीव कुंचल्याने भरून काढता येते. सदोष यंत्रणा घरच्या घरी सुधारणे मात्र फार कठीण असते.

गेजचा हिशेब

कुडाळ स्थानकातून धावणारी गाडी आपल्या टेबलावर धावावी, अशी सिंधुदुर्गातल्या छंदिष्टाची साहजिक इच्छा असते. रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. भारतातील इतर ब्रॉडगेज मार्गांप्रमाणे त्याच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर आहे. जगातील बहुतेक तयार प्रतिकृती मात्र १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजसाठी बनवलेल्या असतात, आणि खरी अडचण येथेच सुरू होते.

जगात सर्वाधिक प्रचलित असलेले 'एचओ' प्रमाण १:८७ आहे. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. या प्रमाणात भारतीय ब्रॉडगेज अचूक दाखवायचे, तर हे अंतर सुमारे १९.३ मिलिमीटर हवे. म्हणजे एचओच्या बाजारी रुळांवर उभे केलेले भारतीय इंजिन प्रत्यक्षापेक्षा पावणेतीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभे असते. ब्रिटिश 'ओओ' प्रमाण १:७६ असून रूळ तेच १६.५ मिलिमीटरचे आहेत. तेथे भारतीय गेज २२ मिलिमीटर व्हायला हवे, त्यामुळे विसंगती आणखी डोळ्यांत भरते. 'एन' म्हणजे १:१६० प्रमाणात रूळ ९ मिलिमीटरचे असतात आणि हवे असतात सुमारे साडेदहा. आकार लहान असल्याने हा फरक सहसा जाणवत नाही.

याउलट महाराष्ट्रातील अरुंद गेजचे मार्ग या हिशेबात भाग्यवान ठरतात. जुनी बार्शी लाइट रेल्वे आणि विदर्भातील 'शकुंतला' यांचे गेज ७६२ मिलिमीटर होते. एचओ प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर भरते. ऑस्ट्रियातील ७६० मिलिमीटर गेजच्या गाड्यांसाठी १:८७ प्रमाणात ९ मिलिमीटरचे रूळ आणि तयार इंजिने मिळतात. तेच रूळ बार्शी लाइटसाठी जवळजवळ अचूक ठरतात. मीटरगेजसाठीही स्विस गाड्यांचे १२ मिलिमीटरचे रूळ उपयोगी पडतात. म्हणून 'खरेपणा' म्हणजे केवळ रंग आणि अक्षरे, असे मानू नये. आपल्याला कोणती रेल्वे दाखवायची आहे, ते आधी ठरवावे आणि प्रमाण त्यावरून निवडावे.

चाल कशी पारखावी

चांगल्या इंजिनाची ओळख वेगात नव्हे, संथपणात पटते. एचओ प्रमाणात ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीने एक मीटर अंतर कापण्यास सुमारे १६ सेकंद घ्यावेत. ताशी १०० किलोमीटरला हेच अंतर तीन सेकंदांत संपते. दुकानात किंवा मित्राच्या घरी घड्याळ लावून हे मोजता येते. १६ सेकंदांच्या चालीत इंजिन अडखळत किंवा धक्के देत असेल, तर ते स्थानकात शिरताना कधीच खरे वाटणार नाही.

यंत्रणेत चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, मोटार : पाच ध्रुवांची मोटार तीन ध्रुवांच्या मोटारीपेक्षा संथ वेगात एकसारखी फिरते. दुसरी, फ्लायव्हील : मोटारीच्या दांड्यावरील हे जड चाक क्षणभर वीज तुटली तरी गती टिकवून ठेवते. तिसरी, वीज किती चाकांतून घेतली जाते : सर्व चाके वीज घेत असतील, तर सांध्यांवरून जाताना इंजिन थबकत नाही. चौथी, मोटारीची शक्ती किती चाकांना मिळते : सहा चाकजोड्यांच्या डिझेल वा विद्युत इंजिनात पुढचे आणि मागचे दोन्ही चाकसंच मोटारीला जोडलेले असावेत. स्वस्त इंजिनांत अनेकदा एकच संच जोडलेला असतो आणि ओढ वाढवण्यासाठी चाकांवर रबरी कडी चढवलेली असते. अशी कडी वीज घेत नाही आणि कालांतराने सैल पडते.

इंजिनाचे वजनही हातात घेऊन पाहावे. धातूच्या चौकटीचे जड इंजिन अधिक डबे ओढते. मात्र जुनी इंजिने घेताना ही चौकट नीट तपासावी. जस्ताच्या मिश्रधातूत भेसळ असल्यास ती वर्षांनंतर फुगते आणि तडकते. त्यावर इलाज नाही.

रूप : किती आणि कोठून पाहायचे?

आजच्या महागड्या प्रतिकृतींत कठडे, वायपर, ब्रेकच्या नळ्या हे सारे वेगवेगळे जोडलेले असते. स्वस्त प्रतिकृतींत तेच तपशील कवचाच्या साच्यातच उठवलेले असतात. हातभर अंतरावरून फरक स्पष्ट दिसतो. दोन मीटरवरून चालती गाडी पाहताना तो बराच विरतो. शिवाय नाजूक कठडे लहान मुलांच्या हाती टिकत नाहीत. घरात आठ-दहा वर्षांचे मूल असेल, तर साच्यातले तपशीलच शहाणपणाचे.

भारतीय इंजिनांच्या प्रतिकृती मोजक्या असल्याने अनेक छंदिष्ट परदेशी 'नातलगां'चा आधार घेतात. १९६० च्या दशकापासून भारतीय रेल्वेचा कणा ठरलेले 'डब्ल्यूडीएम-२' हे इंजिन अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्यावर वाराणसीत बनत असे. डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ ही इंजिने ईएमडी या अमेरिकी कंपनीच्या तंत्रज्ञानावर आधारलेली आहेत. त्यामुळे अमेरिकी एचओ इंजिनाची उत्तम यंत्रणा घेऊन त्यावर भारतीय कवच बसवणे हा मार्ग अवलंबता येतो. त्यासाठी हातकसब हवे. नवशिक्याने पहिल्याच इंजिनावर हा प्रयोग करू नये.

लांबीचाही विचार आवश्यक आहे. कोकण रेल्वेच्या विद्युतीकरणाचे २०२२ मध्ये लोकार्पण झाले, तेव्हापासून या मार्गावर विद्युत इंजिनांचे युग सुरू झाले. सुमारे साडेवीस मीटर लांबीचे 'डब्ल्यूएपी-७' एचओमध्ये साडेतेवीस सेंटिमीटर होते आणि एलएचबी डबा २७ सेंटिमीटर. वीस डब्यांची गाडी साडेपाच मीटरहून लांब भरेल. खोलीत ती मावणार नाही. सहा-सात डब्यांवर समाधान मानावे. सुरुवातीच्या संचातील ३६ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर असे लांब डबे विद्रूप दिसतात आणि काही वेळा घसरतात. ६० सेंटिमीटरहून अधिक त्रिज्या ठेवता येत असेल, तरच लांब डब्यांचा हट्ट धरावा. अन्यथा 'एन' प्रमाणाचा विचार करावा.

श्रेणीनुसार तुलना

बॅटरीवर चालणारी प्लॅस्टिकची गाडी : भारतीय रंगांत सहज मिळते आणि स्वस्त असते. वेगावर नियंत्रण नसते, प्रमाण काटेकोर नसते. लहान मुलासाठी उत्तम, छंदाची सुरुवात म्हणून मात्र अपुरी.

प्राथमिक श्रेणी : जर्मनीच्या 'पिको'ची 'हॉबी' मालिका आणि ब्रिटनच्या 'हॉर्नबी'ची 'रेलरोड' मालिका ही याची उदाहरणे. तपशील कमी आणि किंमतही बेताची. चालीच्या दृष्टीने यांतील अनेक इंजिने समाधानकारक असतात. पहिली खरेदी येथूनच करावी.

पूर्ण तपशिलाची श्रेणी : रोको, फ्लाइशमन, ट्रिक्स, पिकोची 'एक्स्पर्ट' मालिका, ब्रिटिश गाड्यांत बाकमन आणि हॉर्नबीची मुख्य मालिका. रूप व चाल दोन्ही उजवी, डिजिटल यंत्रणेची सोय असलेली. दुसरे इंजिन येथून घ्यावे.

जपानी 'एन' श्रेणी : 'काटो'ची इंजिने संथ आणि नि:शब्द चालीसाठी नावाजलेली आहेत. मुंबई-पुण्यातील सदनिकांत जागेचा प्रश्न असतो. तेथे मोलाच्या दृष्टीने हा पर्याय सर्वांत सरस ठरतो.

पितळी हस्तनिर्मित श्रेणी : रूप अप्रतिम, किंमत प्रचंड. चालीची हमी मात्र नाही. ही संग्राहकांची श्रेणी समजावी.

एक इशारा येथे दिला पाहिजे. 'मार्कलिन' ही १८५९ मध्ये स्थापन झालेली जर्मन कंपनी गुणवत्तेसाठी प्रसिद्ध आहे. परंतु तिच्या एचओ गाड्या रुळांच्या मध्यावरील बारीक खुंट्यांतून वीज घेतात. ही पद्धत इतर कंपन्यांच्या दोन-रुळी पद्धतीशी जुळत नाही. एकदा एक पद्धत स्वीकारली की पुढची सारी खरेदी तिच्याशी बांधली जाते.

मोल आणि छुपा खर्च

छापील किमतीवर विसंबू नये. भारतात खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. वैयक्तिक वापरासाठी टपालाने मागवलेल्या वस्तूंना वेगळा दर लागू शकतो. म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी शुल्क, कर आणि टपालखर्च धरून एकूण आकडा काढावा.

वीजपुरवठ्याकडेही लक्ष द्यावे. बहुतेक दोन-रुळी गाड्या १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात. पण अमेरिकी संचातील अ‍ॅडॉप्टर १२० व्होल्टचा आणि जपानी १०० व्होल्टचा असू शकतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या जोडणीत थेट लावल्यास जळतो. डिजिटल यंत्रणेत प्रत्येक इंजिनात स्वतंत्र डीकोडर असतो. त्यामुळे एकाच रुळावर अनेक गाड्या वेगवेगळ्या चालवता येतात, आवाजही काढता येतात. मात्र त्यासाठी नियंत्रकाचा वेगळा खर्च येतो. आज साधे इंजिन घ्यायचे असले, तरी डीकोडरची जागा असलेलेच घ्यावे.

कोकणातील खारी, दमट हवा हा आणखी एक घटक. पोलादी रूळ येथे गंजतात, पितळी रूळ लवकर काळवंडतात. 'निकेल सिल्व्हर'चे रूळ घ्यावेत. नावात चांदी असली, तरी हा तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू आहे. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसावेत. पॉलिश पेपरने ओरखडे उठतात आणि त्यांत मळ साचतो. खोबरेल तेल यंत्रात घालू नये, ते थिजते. प्लॅस्टिकला अपाय न करणाऱ्या तेलाचा एकच थेंब पुरे. पावसाळ्याचे चार महिने इंजिन सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे.

खरेदीपूर्वी पाहावे असे

अशा गाड्या प्रत्यक्ष चालताना पाहायच्या असतील, तर पुण्यात कोथरूड येथील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय अवश्य पाहावे. बी. एस. ऊर्फ भाऊ जोशी यांच्या छंदातून साकारलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. सिग्नल, सांधे, पूल आणि वळणे यांतून गाड्या कशा फिरतात, हे तेथे पाहिल्यावर छायाचित्रांवरून इंजिन निवडण्याचा मोह कमी होतो.

नवशिक्याने पुढील क्रम पाळावा. प्रथम जागा मोजावी आणि प्रमाण ठरवावे. नंतर प्राथमिक श्रेणीतील एक इंजिन घेऊन वर सांगितलेल्या १६ सेकंदांच्या चाचणीवर ते पारखावे. वळणे सैल ठेवावीत, रूळ चांगले घ्यावेत. वर्षभर गाडी नियमित चालली, तर पूर्ण तपशिलाचे दुसरे इंजिन घ्यावे. भारतीय रंगातील प्रतिकृती हाती येईल, तेव्हा तिच्यासाठी धावता मार्ग तयार असेल.