मॅक, कॉनी

(२२ डिसेंबर १८६२ – ८ फेब्रुवारी १९५६). अमेरिकन बेसबॉलपटू, व्यवस्थापक व संघमालक. मूळ नाव कॉर्नेलियस मॅकगिलिकडी. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स या संघाचे व्यवस्थापन त्याने १९०१ ते १९५० असे सलग ५० हंगाम केले. अमेरिकेतील मेजर लीगमध्ये सर्वाधिक सामने जिंकणारा (३,७३१) आणि सर्वाधिक सामने हरणाराही (३,९४८) व्यवस्थापक तोच. संघाची निवड आणि संघाची तिजोरी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती असल्या की काय होते, याचे बेसबॉलमधील सर्वांत ठळक उदाहरण म्हणून त्याच्या कारकिर्दीकडे पाहिले जाते.

क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलणे, क्षेत्ररक्षण लावणे ही कामे कर्णधार मैदानात उभा राहून करतो. बेसबॉलमध्ये ती व्यवस्थापकाची असतात. फलंदाजीचा क्रम, पिचर (गोलंदाज) कधी काढायचा, बदली फलंदाज कधी पाठवायचा हे सारे तो डगआउटमध्ये (मैदानालगतच्या खेळाडूंच्या कट्ट्यावर) बसून ठरवतो. सुरुवातीच्या काळात बरेच व्यवस्थापक स्वतः खेळाडूही असत. त्यामुळे व्यवस्थापकाने खेळाडूंचाच गणवेश घालण्याची प्रथा पडली व ती आजही टिकून आहे. मॅक हा तिला ठळक अपवाद होता.

पूर्वायुष्य : मॅकचा जन्म मॅसॅचूसेट्स राज्यातील ईस्ट ब्रुकफील्ड येथे, आयर्लंडहून आलेल्या कुटुंबात झाला. लहानपणीच त्याला गिरणीत आणि पुढे बुटांच्या कारखान्यात काम करावे लागले. १८८६ मध्ये तो वॉशिंग्टन संघातून कॅचर म्हणून मेजर लीगमध्ये आला. फलंदाज म्हणून तो सामान्य होता. ११ हंगामांत त्याचे जेमतेम पाच होम रन झाले. त्याचे नाव झाले ते फलंदाजाच्या मागे बसून केलेल्या क्लृप्त्यांमुळे. फलंदाज बॅट फिरवू लागला की तो हळूच तिला धक्का देई. बॅटला चेंडू निसटता लागल्यासारखा आवाज काढून पंचाला चकवण्यातही तो वाकबगार होता. त्या काळच्या नियमानुसार असा चेंडू झेलल्यास फलंदाज बाद होत असे.

१८९० मध्ये मालकांच्या मनमानीला कंटाळून खेळाडूंनी स्वतःची प्लेयर्स लीग काढली. मॅकने आपली पुंजी, ५०० डॉलर, बफलो संघात गुंतवली. ही लीग एकाच हंगामात बुडाली आणि पैसेही गेले. पुढे पिट्सबर्ग संघात असताना १८९४ मध्ये त्याच्याकडे प्रथमच व्यवस्थापकपद आले. तेथून १८९६ च्या अखेरीस दूर झाल्यावर त्याने मिलवॉकी येथे चार हंगाम काढले आणि संघ चालवण्याचा व्यवहार शिकून घेतला.

ॲथलेटिक्सची स्थापना : बॅन जॉन्सन याने १९०१ मध्ये अमेरिकन लीगला जुन्या नॅशनल लीगच्या बरोबरीने उभे केले, तेव्हा फिलाडेल्फियाचा संघ त्याने मॅककडे सोपवला. क्रीडासाहित्याचे उत्पादक बेंजामिन शाइब यांचा त्यात निम्मा वाटा होता, तर मॅकचा चौथाई. उरलेला चौथाई वाटा दोन क्रीडापत्रकारांकडे होता. तो मॅकने पुढे विकत घेतला. शहरातीलच फिलीज संघातून त्याने नॅप लाजवे या खेळाडूला फोडून आणले. लाजवेने त्या वर्षी .४२६ च्या सरासरीने फलंदाजी केली. अमेरिकन लीगमध्ये हा विक्रम अद्याप अबाधित आहे. मात्र १९०२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने फिलीजच्या बाजूने निकाल दिला आणि लाजवेला क्लीव्हलँडला जावे लागले.

न्यूयॉर्क जायंट्सचा तोंडाळ व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ याने १९०२ मध्ये या संघाची ‘पांढरा हत्ती’ म्हणून टर उडवली. मॅकने तोच हत्ती संघाचे बोधचिन्ह केले. त्याच वर्षी ॲथलेटिक्सने लीगचे विजेतेपद पटकावले. १९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेत) दोघे समोरासमोर आले, तेव्हा मॅकने मॅग्रॉला पांढऱ्या हत्तीची छोटी मूर्ती भेट दिली. मालिका मात्र जायंट्सनी ४–१ अशी जिंकली. तिच्या पाचही सामन्यांत हरणाऱ्या संघाला एकही धाव करता आली नाही आणि त्यांपैकी तीन सामने एकट्या क्रिस्टी मॅथ्यूसन या पिचरने जिंकून दिले.

पहिला बलाढ्य संघ : मॅकचा माणसे हाताळण्याचा हातखंडा डावखुरा पिचर रूब वॉडेल याच्या बाबतीत दिसून आला. वॉडेलने १९०४ मध्ये ३४९ फलंदाजांना स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. पण आगीच्या बंबामागे धावत सुटण्याच्या वेडासाठीही तो तितकाच प्रसिद्ध होता. इतरांनी नाद सोडलेल्या या खेळाडूला मॅकने सहा हंगाम सांभाळले.

१९०९ मध्ये शाइब पार्क हे पोलाद व काँक्रीटचे पहिले बेसबॉल स्टेडियम उभे राहिले. स्टफी मॅकिनिस, एडी कॉलिन्स, जॅक बॅरी व फ्रँक बेकर ही इन्फील्डची (आतल्या क्षेत्ररक्षकांची) चौकडी ‘एक लाख डॉलरची’ म्हणून ओळखली जाई. १९११ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बेकरने लागोपाठच्या सामन्यांत जायंट्सचे पिचर मार्क्वार्ड व मॅथ्यूसन यांच्या चेंडूंवर होम रन मारले आणि ‘होम रन बेकर’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. एडी प्लँक आणि ओजिब्वे या मूलनिवासी जमातीतील चीफ बेंडर हे पिचरही याच संघातले. १९१०, १९११ व १९१३ मध्ये ॲथलेटिक्सने वर्ल्ड सिरीज जिंकली.

१९१४ मध्ये बॉस्टन ब्रेव्हजकडून सलग चार सामन्यांत हार पत्करावी लागली. त्याच सुमारास फेडरल लीग या नव्या स्पर्धकामुळे खेळाडूंचे पगार कडाडले. वाढीव पगार देणे मॅकला परवडेना. त्याने कॉलिन्सला ५०,००० डॉलरला शिकागोला विकले. बेंडर व प्लँक फेडरल लीगमध्ये गेले. बेकर पगाराच्या वादात वर्षभर घरी बसला. १९१४ मध्ये ९९ सामने जिंकलेल्या संघाला पुढल्या वर्षी अवघे ४३ जिंकता आले. १९१६ मध्ये ३६ विजय व ११७ पराभव अशी दैना झाली. त्या वर्षी जॅक नेबर्स या पिचरच्या खाती एक विजय आणि वीस पराभव जमा झाले. १९१५ ते १९२१ अशी सलग सात वर्षे संघ तळाला राहिला. दुसऱ्या कोणत्याही व्यवस्थापकाची यानंतर हकालपट्टी झाली असती; पण मॅकला काढणार कोण? तो स्वतःच भागीदार होता.

दुसरा बलाढ्य संघ : १९२० नंतर मॅकने पुन्हा जुळवाजुळव केली. डावखुरा पिचर लेफ्टी ग्रोव्ह याच्यासाठी त्याने बॉल्टिमोर संघाला १,००,६०० डॉलर मोजले. अल सिमन्स, कॅचर मिकी कॉक्रन आणि जिमी फॉक्स हे आणखी तीन मोहरे त्याने मिळवले. १९२९ ते १९३१ या तीन हंगामांत संघाने अनुक्रमे १०४, १०२ व १०७ सामने जिंकून तिन्ही वेळा लीगचे विजेतेपद मिळवले. १९२९ व १९३० मध्ये वर्ल्ड सिरीजही जिंकली.

१९२९ च्या वर्ल्ड सिरीजमधील दोन सामने मॅकच्या नावाशी जोडले गेले आहेत. शिकागो कब्जविरुद्धच्या पहिल्या सामन्यात ग्रोव्ह किंवा जॉर्ज अर्नशॉ पिचिंग करणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. मॅकने उभा केला तो ३५ वर्षांचा, वर्षभरात मोजकेच सामने खेळलेला हॉवर्ड एमकी. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत मॅकने त्याला गुपचूप कब्जचे सामने पाहायला पाठवले होते. कब्जच्या ताकदवान उजव्या फलंदाजांना एमकीचे हळू, बाजूने फेकलेले चेंडू उमगले नाहीत. त्याने १३ जणांना स्ट्राइक आउट करून वर्ल्ड सिरीजचा विक्रम केला. तो १९५३ पर्यंत टिकला.

चौथ्या सामन्यात ॲथलेटिक्स सातव्या डावापर्यंत ०–८ असे मागे होते. या डावानंतर मुख्य खेळाडूंना विश्रांती द्यावी, असे मॅकच्या मनात होते म्हणतात. सिमन्सच्या होम रनने सुरुवात झाली व पाठोपाठ फटके बसू लागले. मग म्यूल हासचा उंच चेंडू सूर्याच्या तिरिपेत कब्जचा क्षेत्ररक्षक हॅक विल्सन याच्या नजरेतून निसटला आणि तीन धावा मिळाल्या. या जल्लोषात ॲथलेटिक्सचा खेळाडू जिमी डाइक्स याने शेजारच्या माणसाच्या पाठीवर जोरदार थाप मारली. तो माणूस होता ६६ वर्षांचा मॅक, आणि तो धडपडत पुढच्या बॅटींवर जाऊन पडला, अशी आठवण डाइक्स सांगत असे. त्या एका डावात दहा धावा झाल्या. सामना १०–८ असा जिंकला गेला आणि मालिका ४–१ अशी.

महामंदीने हा संघही विस्कटला. फिलाडेल्फियात रविवारी सामने खेळण्यास १९३४ पर्यंत कायद्याने बंदी असल्याने प्रेक्षकांच्या सर्वांत मोठ्या दिवसाचे उत्पन्न बुडत असे. कर्ज फेडण्यासाठी सिमन्स, ग्रोव्ह, कॉक्रन आणि शेवटी फॉक्स असे एकेक करून सारे विकले गेले. शेजारच्या घरांच्या गच्च्यांवरून लोक फुकट सामने पाहतात म्हणून १९३५ मध्ये उजव्या बाजूची भिंत ३४ फुटांपर्यंत उंच करण्यात आली. शेजाऱ्यांनी तिला ‘आकसाची भिंत’ म्हटले.

कार्यपद्धती : मॅक सूट, टाय, कडक इस्त्रीची कॉलर आणि हॅट अशा पोशाखात डगआउटमध्ये बसे. हातातील गुंडाळलेले धावपत्रक हलवून तो क्षेत्ररक्षकांना इकडेतिकडे सरकवी. गणवेश नसल्याने तो मैदानात जात नसे; पिचर बदलायचा असल्यास साहाय्यकाला पाठवी. खेळाडू त्याला ‘मिस्टर मॅक’ म्हणत. मॅग्रॉच्या शिवराळपणाच्या तुलनेत त्याचे मृदू बोलणे उठून दिसे. या दोघांनीच १९३३ च्या पहिल्या ऑल-स्टार सामन्यात आपापल्या लीगच्या संघांचे नेतृत्व केले आणि मॅकचा संघ ४–२ ने जिंकला. पगाराच्या बाबतीत मात्र मॅकचा हात आखडता असे.

अखेरची वर्षे : १९३५ नंतर ॲथलेटिक्स बहुतेक वेळा तळालाच राहिले; मॅकच्या कारकिर्दीत संघ एकूण १७ वेळा शेवटच्या क्रमांकावर आला. वार्धक्यामुळे त्याची स्मृती दगा देऊ लागली. कधी चुकीचे इशारे दिले जात आणि साहाय्यक ते परस्पर दुरुस्त करीत. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू १९४७ मध्ये मेजर लीगमध्ये आला, तरी मॅकच्या व्यवस्थापनाच्या सबंध काळात ॲथलेटिक्सकडून एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळला नाही. बॉब ट्राइस हा पहिला, तोही १९५३ मध्ये. मॅक १९५० मध्ये ८७ व्या वर्षी निवृत्त झाला. त्याच्या रॉय व अर्ल या मुलांनी कर्ज काढून इतर भागीदारांचे हिस्से घेतले, पण क्लब सावरला नाही. १९५४ मध्ये तो विकला जाऊन कॅन्सस सिटीला आणि १९६८ मध्ये तेथून ओकलंडला गेला. मॅकचे निधन फिलाडेल्फियात झाले.

मूल्यमापन : लीगची नऊ विजेतेपदे आणि वर्ल्ड सिरीजची पाच, हा मॅकचा हिशेब. त्याची निवड १९३७ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी झाली. विजयांच्या यादीत दुसरा असलेला टोनी ला रूसा (२,८८४) त्याच्यापेक्षा आठशेहून अधिक सामन्यांनी मागे आहे. हा विक्रम मोडण्याची शक्यता जवळजवळ नाही, कारण निम्म्याहून अधिक सामने हरूनही पन्नास वर्षे पदावर राहण्याची मुभा केवळ मालकालाच मिळू शकते. आणि मेजर लीगच्या आजच्या नियमांनुसार क्लबमध्ये आर्थिक हिस्सा असलेल्याला त्याचे व्यवस्थापक होता येत नाही.